गाडी बदलण्याची गावं

प्रवासात मला मुक्कामाच्या गावापेक्षा गाडी बदलण्याचं गाव जास्त आवडतं. मुक्कामाच्या गावात काय पाहायचं, ते कुठून पाहायचं, सूर्यास्ताला कोणत्या कठड्याशी उभं राहायचं, हे निघण्याआधीच कानांवर आलेलं असतं. तिथली चित्रं डोळ्यांत आधीच भरलेली असतात आणि पोहोचल्यावर आपण नकळत ती ताडून पाहत बसतो. गाडी बदलण्याच्या गावाबद्दल कोणी काहीच सांगितलेलं नसतं. पुढच्या गाडीला अवकाश असतो, सामान खांद्यावर पेलण्याएवढंच असतं, आणि स्टेशनाबाहेर पडलं की रुळांना लागून जाणारा एखादा रस्ता बहुतेक ठिकाणी सापडतोच. गोदामाची लांबलचक भिंत, उंच पायांवरची पाण्याची टाकी, खिळे ठोकून बंद केलेली खिडकी, कुंपणाच्या जाळीत गुंतत वर गेलेली वेल. अशा रस्त्यांवर मी कॅमेरा घेऊन खूप हिंडले आहे आणि माझी सगळ्यात आवडती छायाचित्रं तिथलीच आहेत.

सुरुवातीला तिथे काहीच दिसत नाही. डोळा अजून प्रेक्षणीय काहीतरी हुडकत असतो. कमान, शिखर, निदान एखादं रंगीत दार. ते सापडत नाही म्हणून तो सैरभैर होतो, घड्याळाकडे वळतो. मग कधीतरी हुडकणं दमतं आणि भिंत दिसायला लागते. तिला वेळोवेळी वेगवेगळे रंग दिलेले असतात आणि प्रत्येक रंग वेगळ्या जागी सोललेला असतो. पन्हळीखाली पाण्याचे काळपट ओघळ असतात. अशाच एका भिंतीवर मला एका जिन्याची खूण दिसली होती. जिना केव्हाच काढून टाकलेला, पण तो जिथे भिंतीला टेकला होता तिथला गिलावा फिका राहिलेला, त्यामुळे पायरी-पायरीची एक तिरपी रेघ खालून वर गेलेली. वरच्या मजल्यावर जिथे ती संपत होती तिथलं दार विटांनी बुजवलेलं. कोणीतरी रोज त्या पायऱ्या चढून वर जात असणार. कॅमेऱ्याला डोळा लावल्यावर लक्षात आलं की एवढी मोठी, ओबडधोबड भिंत त्या एका रेघेनं तोलून धरली आहे.

यातलं निम्मं श्रेय उजेडाचं. ऊन समोरून थेट पडलं की भिंत सपाट दिसते, आणि तेच ऊन बाजूनं घासून जाऊ लागलं की विटेची प्रत्येक कड, गिलाव्याचा प्रत्येक फुगवटा आपापली सावली घेऊन पुढे येतो. जमिनीचं तसंच. सूर्य माथ्यावर असताना जे मैदान नुसतं मैदान असतं, तेच सूर्य क्षितिजाजवळ आला की उंचवटे आणि खळगे दाखवू लागतं. पुरातत्त्वज्ञांनी ही गोष्ट फार पूर्वी हेरली. पहिल्या महायुद्धानंतर ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांच्यासारख्या संशोधकांनी विमानातून काढलेल्या छायाचित्रांचा अभ्यास सुरू केला तेव्हा शेतांखाली गाडले गेलेले बांध, खंदक, वस्त्यांच्या सीमा कलत्या उन्हात स्पष्ट दिसू लागल्या. त्या शेतांत माणसं पिढ्यान्‌पिढ्या नांगर चालवत होती, त्या उंचवट्यांवरून चालत होती, आणि तरी जमिनीवरून ते कोणाला दिसत नव्हते. मला ही हकीकत मनापासून आवडते, कारण त्यात कोणी आंधळं नव्हतं. फक्त उभं राहण्याची जागा आणि वेळ बदलली होती.

म्हणून नवख्या जागी गेले की आधी मी सूर्य कुठे आहे ते पाहते आणि तो कुठे जाणार आहे त्याचा अंदाज घेते. कललेल्या सूर्याचा प्रकाश वातावरणाच्या जास्त जाड थरातून येतो, त्यातला निळा भाग वाटेतच विखुरतो आणि उरलेला उबदार पिवळा-तांबडा आपल्यापर्यंत पोहोचतो. त्याच वेळी सावल्यांवर मात्र निळ्या आकाशाचा उजेड पडत असतो. गंजलेल्या पत्र्यावर हे दोन रंग शेजारी शेजारी येतात तेव्हा गंजाचा तपकिरी पेटल्यासारखा होतो आणि सावलीतला पत्रा थेट निळा दिसतो. डोळ्याला हे लगेच जाणवत नाही, कारण मेंदू रंग सारखे करून घेतो. कॅमेऱ्याला ती सवय नाही.

छायाचित्रण हे सुंदर, भव्य, दुर्मीळ गोष्टी टिपण्यासाठी निघालं आणि नंतर कधीतरी साध्या गोष्टींकडे वळलं, असा आपला सर्वसाधारण समज असतो. घडलं उलटं. कॅमेऱ्यानं टिपलेलं आणि आजवर टिकलेलं सर्वांत जुनं छायाचित्र फ्रान्समधल्या ल ग्रा या ठिकाणचं आहे. नीसेफोर निएप्स यांनी १८२६ किंवा १८२७ मध्ये ते आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून घेतलं. कथिलाच्या एका मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबराचा पातळ थर देऊन तो कॅमेऱ्यात ठेवला आणि तासन्‌तास उजेड खाऊ दिला. दिसतं काय? छपरं, एका कोठाराचा उतार, भिंतींचे कोपरे. एवढंच. एक्सपोजर इतकं लांबलचक होतं की सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकला आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन नोंदलं गेलं. असं ऊन कुठल्याही एका क्षणी असू शकत नाही. माणसाला जे दृश्य कधी दिसलंच नाही ते पहिल्याच छायाचित्रात आहे, आणि ते एका घराच्या मागच्या आवाराचं आहे.

इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये लेकॉक अ‍ॅबी या आपल्या राहत्या वास्तूतली जाळीदार खिडकी टिपली. निगेटिव्ह पोस्टाच्या तिकिटाएवढं. भिंग घेऊन पाहिल्यावर काचेचे सुमारे २०० चौकोन मोजता येत होते, अशी नोंद त्यांनी स्वतः त्याच्याजवळ करून ठेवली. पॅरिसमध्ये १८३८ साली लुई दागेर यांनी एका गजबजलेल्या हमरस्त्याचं चित्र घेतलं तर त्यात गाड्या, घोडे, माणसं सगळी नाहीशी झाली. ती हलत होती आणि एक्सपोजर काही मिनिटांचं होतं. राहिला तो कोपऱ्यात बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस. थांबला म्हणून तो उरला.

कोणी म्हणेल, ही त्या काळच्या यंत्राची लाचारी होती. छपरं आणि खिडक्या हलत नाहीत, म्हणून त्यांचे फोटो. खरं आहे. पण टॅलबट यांनी १८४४ मध्ये घेतलेलं एक चित्र पाहिलं की हा युक्तिवाद अपुरा पडतो. एक उघडं दार, चौकटीला टेकवून ठेवलेला खराटा, एका बाजूला टांगलेला कंदील, आत अंधार आणि अंधारापलीकडे दुसरी एक खिडकी. दारावर तिरकी सावली पडली आहे आणि खराट्याचा दांडा त्याच तिरपेपणाशी जुळवून ठेवला आहे. या दाराची त्यांनी एकाहून अधिक चित्रं घेतली होती, मांडणी बदलून पाहिली होती. छायाचित्रं डकवून हप्त्याहप्त्यानं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हे चित्र देताना त्यांनी लिहिलं की सामान्य माणसाला जिथे विशेष काही दिसत नाही तिथे चित्रकाराची नजर पुष्कळदा अडते. उन्हाची एखादी तिरीप, वाटेवर पडलेली सावली, शेवाळलेला दगड हे तिला पुरेसं असतं. छायाचित्रण तेव्हा जेमतेम बाळसं धरत होतं आणि त्याच्या एका जन्मदात्यानं खराट्याला मानाची जागा दिली होती. दुर्लक्षित जागांचे फोटो काढणारे आज मुख्य रस्ता सोडून आडवाटेला गेलेले वाटतात. माझ्या मते मुख्य रस्ता तोच होता. प्रसिद्ध स्थळासमोर उभं राहून ठरलेला फोटो काढणं ही नंतर फुटलेली वाट आहे.

त्या संथ यंत्रानं एक गोष्ट सक्तीनं करून घेतली, ती म्हणजे थांबणं. आजचा कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागात काम उरकतो. तो थांबवत नाही, म्हणून थांबणं आपल्याला बरोबर न्यावं लागतं. मी ट्रायपॉड नेते तो एवढ्यासाठीच. उजेड भरपूर असेल तर त्याची तांत्रिक गरज नसते, पण तीन पाय उघडून, उंची जुळवून, डोकं सपाट करून उभं राहिलं की शरीराला कळतं आपण इथे जरा वेळ राहणार आहोत. मग कानही उघडतात. टाकीतून ठिबकणारं पाणी ऐकू येतं, आणि ते कुठे पडतं म्हणून पाहिलं तर खाली हिरव्यागार शेवाळाचा हातभर गोल असतो.

यूजीन आत्जे यांच्याकडे मी वारंवार परत जाते. जन्म १८५७, आधी नट, मग छायाचित्रकार. दारावर पाटी लावली होती: कलावंतांसाठी दस्तऐवज. चित्रकारांना, कारागिरांना, पुढे ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना ते पॅरिसचे फोटो विकत. लाकडी, वजनदार कॅमेरा, १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा, आणि बऱ्याचदा पहाटेची वेळ. त्या पॅरिसमध्ये जगाला माहीत असलेलं पॅरिस फारसं नाही. दारांचे लोखंडी ठोके आहेत, जिन्यांचे कठडे, मागची अंगणं, दुकानांच्या काचेत उमटलेलं समोरचं झाड, शहराच्या वेशीवर चिंध्या वेचणाऱ्यांच्या झोपड्या. जुनं शहर पाडून नवं उभं राहण्याचा तो काळ होता आणि त्यांनी टिपलेलं बरंच काही नंतर राहिलं नाही. त्यांना कोणी मोठा कलावंत म्हणत नव्हतं आणि त्यांचाही तसा दावा नव्हता. १९२७ मध्ये ते गेले. बेरेनिस अ‍ॅबट या तरुण अमेरिकन छायाचित्रकर्तीनं त्यांच्यामागे राहिलेल्या हजारो प्रिंट आणि निगेटिव्ह विकत घेऊन सांभाळल्या, वर्षानुवर्षं लोकांना दाखवल्या, आणि १९६८ मध्ये तो संग्रह न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये पोहोचला. एका बाईच्या चिकाटीवर एवढा ठेवा तरला, याचं मला प्रत्येक वेळी नव्यानं भरून येतं.

आत्जेंच्या फोटोंत एक गोष्ट सतत घडते. रिकाम्या दिसणाऱ्या दारात किंवा काचेमागे धूसर चेहरा असतो. कोणीतरी बाहेर डोकावलं, क्षणभर थांबलं, हललं. ओसाड म्हणून मिरवल्या जाणाऱ्या जागा खरोखर ओसाड क्वचितच असतात. याकडे पुढे यायचं आहे.

न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयात १९७६ मध्ये जॉन शार्कोव्स्की यांनी विल्यम एगलस्टन यांचं रंगीत छायाचित्रांचं प्रदर्शन भरवलं. अमेरिकेच्या दक्षिणेतली घरं, मोटारी, न्हाणीघराच्या फरशा. हिल्टन क्रेमर या समीक्षकानं ती चित्रं सामान्य आणि खात्रीनं कंटाळवाणी ठरवली. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध चित्र एका लहान मुलाच्या तीनचाकी सायकलचं आहे. एगलस्टन यांनी कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवला, त्यामुळे ती जुनी, गंज चढलेली सायकल मागच्या घरांपेक्षा उंच झाली आणि तिच्या चाकांमधून पलीकडे उभी असलेली मोटार एवढीशी दिसू लागली. सायकल तीच, रस्ता तोच. बदलली ती पाहणाऱ्याची उंची, आणि एकदम मूल होऊन जग पाहिल्याचा भास झाला. समीक्षकाला कंटाळा आला याचं मला आश्चर्य वाटत नाही. पाच फुटांवरून पाहिलेलं जग बऱ्याचदा कंटाळवाणंच असतं, कारण ते आपण दिवसभर पाहतो. मी या चित्रापासून एक सवय उचलली: नव्या जागी पहिला फोटो उभ्यानं काढायचा नाही. बसायचं, कधी पालथं पडायचं, किंवा जिना सापडला तर चढायचं. फुटपाथच्या भेगेतून उगवलेलं गवत जमिनीवरून पाहिलं की त्याच्यामागे आकाश येतं आणि ते बांबूच्या बनासारखं दिसतं.

रोपांचा विषय निघालाच आहे तर कार्ल ब्लॉसफेल्ट यांचं नाव घ्यायला हवं. बर्लिनमध्ये कलाशिक्षक होते. रस्त्याकडेच्या, कोणी ढुंकून न पाहणाऱ्या रानरोपांच्या कोंबांची, देठांची, सुकलेल्या बोंडांची त्यांनी घरी बनवलेल्या कॅमेऱ्यानं कित्येक पट मोठी छायाचित्रं घेतली. साध्या भेंडोळलेल्या नेच्यात घडीव लोखंडाचं नक्षीकाम दिसतं. विद्यार्थ्यांना रेखाटनासाठी नमुने हवेत, इतकाच मूळ हेतू होता.

आणि मग चेक छायाचित्रकार योसेफ सुदेक, ज्यांच्यामुळे माझ्या सगळ्या भटकंतीला प्रश्न पडतो. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला. पुढचं आयुष्य त्यांनी प्रागमध्ये काढलं आणि एका हातानं मोठमोठे कॅमेरे वाहिले, लावले, चालवले. १९४० ते १९५४ या काळात त्यांनी आपल्या छोट्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले. खिडकी तीच. बाहेरच्या आवारात एक वेडंवाकडं झाड, तेही तेच. कधी काचेवर दव, कधी हिमाच्या नक्षीनं झाकलेली काच, कधी थेंबांचे ओघळ, कधी खिडकीत ठेवलेला पाण्याचा पेला. त्यातली सुरुवातीची वर्षं नाझींच्या ताब्यातली होती आणि बाहेर कॅमेरा घेऊन फिरणं सोपं राहिलेलं नव्हतं. मोठं करून छापणंही त्यांनी त्याच सुमारास सोडलं होतं. निगेटिव्ह कागदावर थेट ठेवून त्याच आकाराचा प्रिंट काढायचे. त्या लहानशा राखाडी चित्रांत काळा कधी पूर्ण काळा होत नाही, पांढरा कधी पूर्ण पांढरा होत नाही. मधल्या राखाडीत जे काही आहे ते पाहायला प्रिंट हातात घेऊन डोळ्यांजवळ न्यावा लागतो.

एका खिडकीतून एवढं मिळत असेल तर प्रवास कशाला? हा प्रश्न मी बरीच वर्षं बाळगून आहे. माझं उत्तर आता असं आहे की आपल्या नेहमीच्या रस्त्यावर प्रत्येक गोष्टीला काम असतं. भिंत वळण घ्यायची खूण असते, टाकी पाण्याच्या वेळेची आठवण असते, गोदामापाशी गर्दी होते म्हणून तिथून घाईनं जायचं असतं. वस्तू आपल्या उपयोगाच्या आड लपतात. परक्या गावात आपल्याला कशाचाच उपयोग नसतो, त्यामुळे आकार, रंग, पोत मोकळे होतात. सुदेक यांना हे परकेपण दवानं मिळवून दिलं असावं. धूसर काचेपलीकडे स्वतःचं आवारही अनोळखी होतं. प्रवासाहून परतल्यावर माझ्याही डोळ्यांत हे परकेपण काही दिवस टिकतं. त्या दिवसांत मी घराजवळ जे फोटो काढते ते एरवी काढूच शकत नाही. पुढे ते हळूहळू ओसरतं, आणि मग पुन्हा कुठेतरी निघावंसं वाटतं.

आता ढगाळ दिवसाबद्दल. कलत्या उन्हाचं एवढं गुणगान केल्यावर वाचणाऱ्याला वाटेल की आभाळ भरून आलं की कॅमेरा पिशवीत जातो. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन पती-पत्नींनी ते दिवस मुद्दाम निवडले. १९५९ पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, गॅसच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींचे मनोरे यांचे फोटो एकाच शिस्तीनं काढले: सरळ समोरून, आकाश पांढरट, सावल्या जवळजवळ नाहीत. मग एकाच प्रकारच्या वास्तूंचे फोटो जाळीच्या चौकोनांत शेजारी शेजारी लावले. एक पाण्याची टाकी ही नुसती टाकी असते. अनेक टाक्या एकत्र पाहिल्या की प्रत्येकीचा स्वभाव दिसू लागतो. एक गोलमटोल, एक काटकुळी, एक डोक्यावर टोपी घातल्यासारखी. कोणा अनाम अभियंत्यानं वजन आणि दाबाचं गणित सोडवताना हे आकार घडवले होते, सौंदर्य हा त्याच्या कामाचा भागच नव्हता. १९९० मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात या छायाचित्रांना शिल्पकलेसाठीचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. त्याहून मोठी गोष्ट डॉर्टमुंडमध्ये घडली. तिथल्या झोलर्न कोळसा खाणीचं यंत्रघर पाडलं जाणार होतं. ते वाचावं म्हणून आवाज उठवणाऱ्यांत बेखर होते, आणि १९६९ मध्ये त्या इमारतीला संरक्षण मिळालं. आज तिथे संग्रहालय आहे. त्याच रूर खोऱ्यातल्या एसेन शहरातली त्सोलफेराइन कोळसा खाण १९८६ मध्ये बंद पडली आणि २००१ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. आपण ज्याला भंगार म्हणतो त्याच्याकडे कोणीतरी टक लावून पाहिलं, तर कधीकधी त्याचं नशीब बदलतं.

कधीकधी उलटही होतं, आणि याबद्दल मला तीव्रपणे काही म्हणायचं आहे. पडकेपणाला एक मोहिनी असते. कोसळलेलं छत, धूळ, तुटक्या काचेतून येणारा उन्हाचा पट्टा. अशी चित्रं काढणं अवघड नाही आणि ती लोकांना आवडतातही. डेट्रॉइट शहराचं असंच झालं. तिथलं मिशिगन सेंट्रल हे अवाढव्य रेल्वे स्टेशन १९८८ मध्ये बंद झालं आणि पुढे वर्षानुवर्षं जगभरचे छायाचित्रकार त्याच्या उद्ध्वस्त प्रतीक्षालयासाठी येत राहिले. शहरातल्या लोकांनी तक्रार केली की या चित्रांत आम्ही कुठेच नाही. लाखो माणसं तिथे राहत होती, कामावर जात होती, मुलांना वाढवत होती, आणि जगाला मात्र ते शहर मेलेलं दाखवलं जात होतं. डागडुजी होऊन २०२४ मध्ये ती वास्तू पुन्हा उघडली, तेव्हा ती पाहायला स्थानिकांची गर्दी लोटली. त्यांच्यासाठी ती कधीच अवशेष नव्हती. ती बंद होती.

म्हणून मी काही पथ्यं पाळते आणि ती मोडत नाही. ज्या भिंतीमागे कोणी राहतं तिच्यासमोर ट्रायपॉड लावण्याआधी विचारते. नकार आला तर पुढे निघते, लांबून लेन्स रोखत नाही. गरिबीचा पोत म्हणून उपयोग करत नाही. फाटकं छत जिथे कोणाच्या झोपेवर गळतं तिथे मला त्याचे रंग दिसत असले तरी तो फोटो माझा नाही. बोलणं सुरू झालं तर मात्र फार काही मिळतं. मला जे सुंदर वाटलं ते दाखवलं की समोरचा माणूस बहुतेक वेळा मान हलवतो आणि म्हणतो, ते सोडा, इकडे या. मग तो त्याची स्वतःची जागा दाखवतो: गच्चीवरून पुलाखालचं पाणी दिसतं तो कोपरा, किंवा संध्याकाळी समोरच्या इमारतीच्या काचांवरून उलटं ऊन येऊन भिंतीवर नाचतं ती वेळ. तिथे राहणाऱ्यांना सौंदर्य दिसत नाही आणि बाहेरून आलेल्याला दिसतं, ही समजूत मला खोटी वाटते. त्यांनी ते कोणाला सांगितलेलं नसतं, एवढंच. काढलेल्या फोटोचा प्रिंट मी पत्ता घेऊन पाठवते.

जुन्या दगडी भिंतींवर मला दगडफूल सापडलं की मी तिथून हलत नाही. बुरशी आणि शैवाल यांच्या सहवासातून बनलेला हा जीव आहे. नकाशासारखे हिरवट-पिवळे आणि काळे ठिपके तयार करणारी त्याची एक जात वर्षाला जेमतेम एखाद्या मिलिमीटरच्या अंशानं वाढते. इतकी सावकाश आणि इतकी नियमित, की १९५० च्या सुमारास रोलँड बेशेल यांनी तिच्या व्यासावरून हिमनद्यांनी मागे टाकलेले दगड किती काळ उघडे आहेत याचा अंदाज बांधण्याची पद्धत मांडली. तळहाताएवढ्या ठिपक्यामागे शतकं असू शकतात. नारिंगी रंगाची दुसरी एक जात पक्षी जिथे बसतात तिथे जास्त दिसते, कारण विष्ठेतला नायट्रोजन तिला मानवतो. भिंतीच्या माथ्यावर नारिंगी पट्टा दिसला तर वर पाहावं. बहुधा तिथे कोणाची तरी बैठक असते. या ठिपक्यांचे फोटो काढायला सावली किंवा ढगाळ उजेड लागतो, दगड पावसानं ओला असेल तर रंग दुप्पट खुलतात, आणि लेन्स भिंतीला अगदी समांतर धरावी लागते, नाहीतर अर्धा ठिपका धूसर होतो.

आणि इथेच माझी एक अडचण आहे. फोटो लोकांना दाखवला की पहिला प्रश्न येतो, ही जागा कुठे आहे? दुर्लक्ष हे अशा जागांचं संरक्षणही असतं. शतकभर वाढलेलं दगडफूल एका बुटाच्या टोकानं सुटून येतं. म्हणून जिवंत आणि नाजूक गोष्टींचा पत्ता मी देत नाही आणि फोटोच्या फाइलमधली ठिकाणाची नोंदही काढून टाकते. उलट ज्या इमारतीवर हातोडा पडणार आहे, तिचा पत्ता, तारीख, वेळ, कोणत्या दिशेची भिंत आहे, हे सगळं मी फोटोखाली ठळकपणे लिहिते, कारण तिला पाहणारे डोळे जितके वाढतील तितके हवे आहेत.

पण एका वापरात नसलेल्या रेल्वेच्या बोगद्याचे फोटो माझ्याकडे आहेत. तोंडाशी कोरीव दगडांची सुरेख कमान, आत धुरानं काळवंडलेल्या विटा, आणि विटांच्या फटींत हिवाळ्याची झोप घेणारी वटवाघळं. आत फोटो काढत असताना ती माझ्या लक्षात आली आणि मी दिवा विझवून बाहेर पडले. मधेच जागं व्हावं लागलं की साठवलेली चरबी जळते आणि हिवाळा निभत नाही. तो बोगदा आता बुजवून टाकायचं चाललं आहे. कोणी बोललं नाही तर कमानही जाईल आणि वटवाघळंही. बोललं तर माणसं येतील, दिवे घेऊन येतील. मी सध्या तिथल्या वन्यजीव अभ्यासकांना पत्र लिहिलं आहे, आतले फोटो सोबत जोडून, आणि लोकांसाठी फक्त कमानीचा बाहेरून घेतलेला फोटो निवडून ठेवला आहे. तो पत्त्यासकट द्यायचा की नाही, ते त्यांचं उत्तर आल्यावर ठरवीन.